काउंटरच्या अलीकडे, काउंटरच्या पलीकडे



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ग्रंथपाल नाही. पण आपल्यापैकी काही जण वस्तीत अभ्यासिका, छोटी वाचनालये चालवतात. तिथे एक प्रश्न येतोच : समोरच्याने मागितलेले पुस्तक मला पटत नसेल, तर काय करायचे?

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. दुसरा नियम असा, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. 'माझ्या मताच्या वाचकाला' असे त्यात नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेची आचारसंहिताही हेच बजावते : वैयक्तिक श्रद्धा माहितीच्या आड येऊ देऊ नका.

समजा, एक मुलगी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावरचे पुस्तक मागते. 'घरी माहीत आहे का?' असे कोणी विचारले, तर ती पुन्हा येणार नाही. हे आपल्याला लगेच पटते. आता एक तरुण तफसीर मागतो, किंवा हमीद दलवाईंवर टीका करणारे लेखन मागतो. आपण त्याला नुसते पुस्तक देतो, की सोबत व्याख्यानही देतो? सुधारणेची भाषा बोलणाऱ्यांची परीक्षा इथे आहे. त्या मुलीला जो मान, तोच या तरुणाला.

तटस्थ राहणे म्हणजे मत सोडणे नव्हे. मत मांडायला सभा आहे, लेख आहे. काउंटर त्यासाठी नाही.

आणि यंत्रणा आपोआप तटस्थ होत नाही. ड्युई वर्गीकरणात धर्माच्या दोनशेच्या वर्गातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला मिळाली; इस्लाम २९७ या एका क्रमांकात बसवला गेला. म्हणून आपली खरेदीची यादीही अधूनमधून तपासा : फक्त आपल्याला आवडणारीच पुस्तके येतात का?

शेवटी माझ्या क्षेत्रातले. कोणी काय वाचले, ही नोंद वस्तीत घरापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पुस्तक परत आले की वाचकाचे नाव त्या नोंदीतून काढता येते. 'कोहा' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. वहीत लिहीत असाल, तर वही काउंटरवर उघडी ठेवू नका.

वाचकाला 'का हवे?' विचारू नका. 'कोणते हवे?' एवढेच विचारा. वाचून झाल्यावर तो स्वतःहून चर्चेला आला, तर मात्र मनसोक्त वाद घाला.