चक्कर, घेरी, भोवळ : निदान आणि शब्द



या व्याख्यानमालेत बहुधा ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्यावर बोलले जाते. यंदा आपण कान-नाक-घशाच्या डॉक्टरला बोलावले आहे. तरीही मी सुरुवात शब्दांपासूनच करणार आहे, कारण माझ्या विषयात अर्धे निदान रोग्याच्या बोलण्यातून होते.

मराठीत चक्कर येते, घेरी येते, भोवळ येते, झीट येते. डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके गरगरते, तोल जातो, झोकांडी जाते. हे शब्द एका अर्थाचे नाहीत. घर फिरते आहे असे वाटणे वेगळे, उठताना डोळ्यांपुढे काळोख येणे वेगळे, शुद्ध हरपणे वेगळे आणि चालताना पाय भलतीकडे पडणे वेगळे. आपल्या जुन्या वैद्यांनाही हा भेद ठाऊक होता. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा आणि संन्यास एका प्रकरणात येतात, पण पाचांची नावे निराळी ठेवली आहेत.

आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या इंदूरची माणसे. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी. घरी सुनेला ‘उठले की अंधारी येते गं’ असे सांगणारी आजी डॉक्टरांसमोर ‘चक्कर आते हैं’ एवढेच म्हणते. आठ शब्दांचा एक शब्द होतो आणि त्या एका शब्दावर एक गोळी लिहून मिळते.

तरी नुसत्या शब्दावरही विसंबता येत नाही. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोग्यांना तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारला, तेव्हा पुष्कळांनी चक्करचे वर्णन बदलले. मात्र ती किती वेळ टिकते आणि काय केल्याने येते, याची उत्तरे त्या मानाने स्थिर राहिली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर नामापेक्षा क्रियाविशेषण अधिक भरवशाचे. केव्हा, किती वेळ, काय करताना, आणि सोबत आणखी काय, हे चार प्रश्न आज लक्षात ठेवा.

चक्करचा उगम कानात असू शकतो, हे वैद्यकाला फार उशिरा कळले. 1861 साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर याने वैद्यक अकादमीपुढे मांडले, की ऐकू कमी येणे, कानात आवाज आणि चक्कर यांचे एकत्र झटके अंतर्कर्णातून येतात. त्याआधी असे झटके मेंदूत रक्त दाटल्याने येतात असे समजून रोग्यांचे रक्त काढीत. पुढच्याच वर्षी मेनिएर वारला. त्याचे नाव रोगाला राहिले. त्यानंतर व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी याने कानात गार किंवा गरम पाणी सोडले की डोळे ठरावीक दिशेने हलतात, हे अभ्यासून तोलाच्या इंद्रियाची परीक्षा करण्याची रीत दिली. त्याबद्दल त्याला 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोके कुठे वळले ते मेंदूला कळते. शेजारच्या पिशवीत खडूच्याच जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून नलिकेत शिरतात. मग कूस बदलली, फडताळातले वरचे डबे काढायला मान मागे टाकली, की घर गरगर फिरते. हे फिरणे सहसा मिनिटभराच्या आत थांबते. चक्करच्या कारणांतले हे एक अतिशय नेहमीचे कारण आहे.

माझ्याकडे ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या होत्या. आठ महिने गोळ्या चालू होत्या. मानेच्या एक्स-रेत मणके झिजलेले दिसले म्हणून गळ्यात पट्टा होता. वास्तविक त्या वयात झिजलेले मणके बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतात. आजी रात्री खुर्चीत बसून झोपत, देवळात जाणे बंद झाले होते. मी विचारले, चक्कर केव्हा येते? त्या म्हणाल्या, ‘उजव्या कुशीवर वळले की.’ पुढे फारसे विचारायचे उरले नाही. टेबलावर उजवीकडे मान वळवून त्यांना झटकन आडवे केले. डोळे विशिष्ट रीतीने फिरू लागले. ही परीक्षा डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 साली सांगितली. मग डोके टप्प्याटप्प्याने फिरवून कण जागी परत नेले. ही क्रिया अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची. आधी त्यांची थट्टा झाली. 1992 साली त्यांचा निबंध छापला गेला. आज ती सर्वमान्य आहे. तिला पाच-दहा मिनिटे लागतात, यंत्र लागत नाही. आजींना ती दोनदा करावी लागली. हे कण पुन्हाही सुटू शकतात; तसे झाल्यास तीच क्रिया पुन्हा करायची.

सगळ्यांचेच दुखणे हे नसते. चक्कर वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते, एका कानाला दडे बसतात, आवाज येतो, ऐकणे कमी-जास्त होते, तर मेनिएरचा विचार करावा व श्रवणाची तपासणी करून घ्यावी. एकाएकी सुरू होऊन दिवसेंदिवस राहिली आणि ऐकणे शाबूत असले, तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. अर्धशिशीच्या माणसाला डोके न दुखताही चक्कर येते; तेव्हा उजेड आणि गोंगाट सोसत नाही. नुसती उठतानाची अंधारी असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असे दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. दोष पुष्कळदा रक्तदाबाच्याच गोळीचा निघतो. पण ती आपल्या मनाने बंद करू नका.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-चार दिवस उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू नव्याने तोल सावरायला शिकतो त्या कामात त्या आड येतात. त्यांतल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात, चाल मंदावते. मग पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे. ‘वयच झाले’ म्हणून सोडून दिलेल्या चक्करची किंमत अशी द्यावी लागते.

दोन प्रसंगी मात्र थांबू नये. चक्करसोबत बोलणे जड झाले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, पूर्वी कधी नव्हते असे डोके दुखले किंवा आधाराशिवाय उभेही राहवेना, तर तो मेंदूचा झटका समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालीत बसू नये. त्याचा इलाज पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याचा संभव अधिक असतो.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांकडे जाताना त्या चार प्रश्नांची उत्तरे घरी, मराठीत, कागदावर लिहून न्या. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी जोडा. झटका चालू असताना मुलाला किंवा नातवाला मोबाइलवर डोळ्यांचे चित्रण करून ठेवायला सांगा. ते आम्हाला फार उपयोगी पडते. आणि आजीला शब्द सापडत नसेल, तर तिच्या वतीने ‘चक्कर’ म्हणून मोकळे होऊ नका. तिला तिच्या शब्दांत सांगू द्या आणि तुम्ही त्याचे हिंदी करा. दोन्ही भाषा येणारे घरात तुम्हीच आहात.