छंद आणि अभ्यास



अभ्यासाच्या वहीत व्यंगचित्रे काढणारा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गात आढळतो. त्याचा छंद बंद करावा की अभ्यासाकडे होणारे दुर्लक्ष सोसावे, असा पेच वडीलधाऱ्यांपुढे पडतो. वस्तुतः या दोहोंत वैर नाही, हे आर. के. लक्ष्मण यांच्या विद्यार्थिदशेवरून दिसून येते.

म्हैसूर येथे १९२१ साली जन्मलेल्या लक्ष्मण यांनी शाळेत काढलेल्या पिंपळपानाचे शिक्षकांनी कौतुक केले आणि चित्रकार होण्याची आकांक्षा त्यांच्या मनात रुजली. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. तरीही त्यांनी ना कुंचला टाकला, ना शिक्षण सोडले. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात बी. ए. चा अभ्यास चालू असतानाच ते ज्येष्ठ बंधू आर. के. नारायण यांच्या 'द हिंदू'तील कथांसाठी चित्रे आणि स्थानिक वृत्तपत्रांसाठी राजकीय व्यंगचित्रे काढीत. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'तून त्यांचा 'कॉमन मॅन' वाचकांच्या भेटीस येऊ लागला.

दैनिकातील व्यंगचित्रास केवळ सफाईदार रेषा पुरत नाही. त्यामागे वाचन, राज्यकारभाराची जाण आणि ठरल्या वेळी काम पुरे करण्याची शिस्त लागते. ही शिदोरी विद्यार्थिदशेतच बांधावी लागते.

म्हणून चित्रांसाठी दिवसाचा ठरावीक वेळ असावा. परीक्षेच्या काळात तो कमी करावा, परंतु मोडू नये. शाळेने भित्तिपत्रकात जागा द्यावी, ग्रामपंचायतीने वाचनालयात वृत्तपत्रे ठेवावीत. आणि वही काढून घेण्यापूर्वी शिक्षकांनी त्यातील चित्र एकदा अवश्य पाहावे.