मोटारसायकलचे धक्काशोषक : एक दुर्लक्षित बाब

(सुर्ला, ता. डिचोली येथे मोटारसायकलस्वार व पायलट यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्त्यावरील सुरक्षिततेचा विषय निघाला की शिरस्त्राण, वेगमर्यादा आणि मद्यपान या तीन गोष्टींवर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. त्या तिन्हींविषयी आपण यापूर्वी पुष्कळ ऐकले असेल. मी आज ज्या भागाविषयी बोलणार आहे, त्याचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना स्प्रिंग गुंडाळलेल्या ज्या दोन नळ्या दिसतात, त्यांना पुस्तकी भाषेत धक्काशोषक म्हणतात आणि गॅरेजात शॉकप. या शॉकपवर, बहुधा स्प्रिंगच्या खालच्या टोकाशी, पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. पुष्कळ गाड्यांत तिला पाच पायऱ्या असतात आणि ती हाताने, सी आकाराच्या पान्याने, फिरवता येते. गाडी विकत घेतली त्या दिवशी ही कडी ज्या पायरीवर होती, त्याच पायरीवर ती बहुधा गाडी भंगारात जाईपर्यंत राहते. सायलेन्सर बदलणारे, आरसे बदलणारे, सीटला नवे कव्हर चढवणारे अनेक आहेत. ही कडी फिरवणारे फार थोडे.

ती फिरवण्याची गरज का पडावी, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करू. एका लहान मोटारीचे वजन आठनऊशे किलो धरले आणि तिच्यात चार माणसे बसली, तर ओझे होते सुमारे अडीचशे किलो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडील शंभर सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकलचे वजन मात्र एकशे दहा किलोच्या आसपास असते. तिच्यावर पासष्ट किलोचे दोन गृहस्थ बसले की ओझे एकशे तीस किलो झाले. वाहनापेक्षा वाहिलेले अधिक! रस्त्यावरील नेहमीच्या चारचाकी प्रवासी वाहनावर असा प्रसंग सहसा येत नाही. शिवाय मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच बसतो, त्यामुळे त्याचा बहुतेक सारा भार मागच्या शॉकपवर पडतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून माटोळीचे सामान घेऊन येणारी गाडी पाहा, किंवा भरलेला गॅस सिलिंडर मागे बांधून चाललेली. त्या एका सिलिंडरचेच वजन सुमारे तीस किलो असते. एकट्या स्वारासाठी बसवलेली स्प्रिंग हे सारे मुकाट्याने सोसते खरी, पण सोसताना ती खाली बसते, आणि गाडी बसली की तिचे वागणे बदलते.

ते कसे बदलते, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. मागची बाजू खाली गेली म्हणजे पुढची बाजू तिच्या मानाने वर उचलली जाते. पुढचा फोर्क जो थोडा कलता असतो, तो अधिक कलतो. पुढच्या टायरवरचा भार घटतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी चालते, म्हणून स्वाराला काही जाणवत नाही. वळणावर मात्र हँडल जड लागते आणि गाडी स्वाराच्या मनातल्या रेषेपेक्षा बाहेरून जाऊ पाहते. बाहेरून म्हणजे कोठून? डावे वळण असेल तर रस्त्याच्या मध्याकडून, जेथे समोरून बस किंवा टिप्पर येत असतो. त्यात एखादा खड्डा आला की आधीच दबलेल्या स्प्रिंगला दबायला जागा उरलेली नसते, शॉकप तळाशी आदळतो आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. रात्री दिव्याचा झोत वर उचलला जाऊन समोरच्याचे डोळे दिपतात, ते वेगळेच. अशा वेळी स्वार घाबरतो, आणि आपल्यालाच गाडी नीट चालवता येत नाही असा ग्रह करून घेतो. माझे मत असे आहे की वळणावरची भीती ही पुष्कळदा स्वाराच्या मनातून निघत नाही, ती यंत्रातून निघते. नवशिक्या मुलींना आणि मुलांना जरा धीट हो म्हणून सांगण्यापूर्वी घरच्या मोठ्यांनी गाडीची ती कडी एकदा पाहावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडी पुढच्या पायरीवर नेली की स्प्रिंग ताठ होते, असे सर्वत्र म्हटले जाते. वस्तुतः स्प्रिंग होती तशीच राहते. समजा, ती दर पंधरा किलोला एक सेंटिमीटर दबणारी आहे. कडी कोठेही ठेवली तरी ती दर पंधरा किलोला एक सेंटिमीटरच दबणार. कडी फिरवल्याने ती आधीच थोडी आवळून ठेवली जाते आणि त्यामुळे ओझ्याखाली गाडी योग्य उंचीवर राहते, एवढेच. म्हणून एकट्याने हिंडणाऱ्याने शेवटच्या पायरीवर कडी ठेवणे हेही तितकेच चुकीचे. मागची बाजू उंच राहते, हँडल हलके व चंचल होते, चाकाला खड्ड्यात खाली उतरायला मोकळीक उरत नाही आणि गाडी दगडासारखी उसळते.

मग योग्य पायरी कोणती, हे ओळखावे कसे? त्यासाठी एक टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या सांगाड्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि ते अंतर मोजा. आता गाडी स्टँडवरून उतरवा. एकाने पुढून हँडल धरावे, तुम्ही पाय वर घेऊन नेहमीसारखे बसावे, एकदोनदा सीटवर दाब देऊन गाडी स्थिर होऊ द्यावी आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. चाकाच्या वरखाली होण्याच्या एकूण मोकळिकीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी ती बसावी, असा ठोकताळा आहे. मोकळीक नऊ सेंटिमीटर असेल तर सव्वादोन ते तीन सेंटिमीटर. मागे माणूस असेल तर याहून थोडे अधिक चालेल. निम्म्याच्या पलीकडे गेल्यास मात्र कडी पुढे सरकवलीच पाहिजे. दोन्ही बाजूंची पायरी एकच हवी, आणि सायलेन्सर गार झाल्यावरच हात घालावा. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत एकट्यासाठी व दोघांसाठी निराळी पायरी सांगितलेली असते, तशीच टायरमधील हवाही दोन आकड्यांत दिलेली असते. दोन्ही एकदम बदलावे. एक बदलून दुसरे तसेच ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या पायलट बंधूंचा प्रश्न जरा निराळा आहे. पिवळ्या मडगार्डाच्या या मोटारसायकली म्हणजे गोव्याची एक ओळखच आहे. पायलट एका फेरीला उतारू घेऊन जातो आणि परतताना पुष्कळदा एकटा येतो. दर फेरीला पाना काढून कडी फिरवणे त्याला शक्य नाही. मी त्यांना असे सुचवीन की कडी उतारूच्या हिशेबाने ठेवावी. रिकामी गाडी थोडी हादरेल, तेवढा त्रास आपण सोसावा. पाठीमागे बसलेल्या माणसाने आपला जीव विश्वासाने तुमच्या हाती दिलेला असतो, आणि वजनाचा धोका आहे तो त्याच फेरीला.

कडीने सारे काही साधते असे मात्र समजू नये. शॉकपच्या पोटात स्प्रिंगखेरीज तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना स्प्रिंगची उसळी आवरली जाते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिला शांत करते, अशी ही कामाची वाटणी आहे. मोटारसायकलला सुरुवातीपासून हे लाभलेले नव्हते. फार वर्षे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे आणि स्वाराच्या कमरेचे रक्षण सीटखालच्या स्प्रिंगांवर सोपवलेले असे. पुढच्या चाकासाठी तेलाने आवरलेला दुर्बिणीसारखा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या गाड्यांवर आणला. मागच्या चाकासाठी झुलता दांडा व शॉकप घेऊन रॉयल एनफिल्डची बुलेट १९४९ साली आली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी होऊ लागली.

हे तेल गळले किंवा जीर्ण झाले की कडी कितीही फिरवा, उपयोग नाही. परीक्षा सोपी आहे. सीटवर दोन्ही हातांनी जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक; ती पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकप मेला आहे. पुढचा फोर्कही पुढचा ब्रेक धरून असाच दाबून पाहावा आणि त्याच्या चकचकीत नळीवर तेलाचे वलय उमटते का ते न्याहाळावे.

आपल्या या खाणपट्ट्यात त्या वलयाला विशेष महत्त्व आहे. येथील तांबडी धूळ नुसती माती नव्हे, तिच्यात लोहखनिजाचे कण आहेत. ती नळीवर बसते, फोर्कबरोबर वरखाली होत ऑइल सीलमध्ये शिरते आणि कानशीसारखे काम करते. सील गेले की तेल जाते, आणि ते पुढच्या ब्रेकवर ओघळले तर ब्रेकही जातो. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकांबरोबर धूळही ओसरली होती. खनिजाची वाहतूक जेथे जेथे पुन्हा सुरू होते, तेथे ती परत येतेच. रोज सायंकाळी ओल्या फडक्याने त्या दोन नळ्या पुसून काढायला अर्धे मिनिट लागते. पावसाळ्यात चिखल वाळण्यापूर्वी पुसाव्यात.

फोर्कमधील तेलाविषयी एक सूचना आग्रहाने करतो. ते पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे व मापाचेच घालावे, दोन्ही नळ्यांत सारखे. इंजिनचे उरलेले तेल फोर्कमध्ये ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ते अधिक दाट असल्याने फोर्क जड होतो, लहान खाचखळग्यांवर दबतच नाही आणि सारे हादरे मनगटात उतरतात. पैसे वाचतात ते किती, आणि कशापायी, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कडी बदलल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली चेन. मागचा दांडा वरखाली होतो तसा चेनचा ताण बदलतो, म्हणून सैलपणा स्वार बसलेला असताना पाहावा. फार आवळलेली चेन शॉकपला दबूच देत नाही आणि दोष मात्र शॉकपला लागतो. दुसरी गोष्ट पुढचा दिवा. तो ओझ्यासह भिंतीवर पाडून बसवावा.

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारे पुष्कळजण येथे असतील. चढणीवर मागची बाजू आणखी बसते आणि पुढचे चाक हलके होते; उतरणीवर सारा भार फोर्कवर येतो. पावसाळ्यात तेथे धुके आणि ओला रस्ता यांची भर पडते. दोघेजण जाणार असाल तर कडी आणि हवा घरूनच नीट करून निघा, कारण वाटेत ते सुचत नाही. परत आल्यावर कडी पुन्हा मागे घ्यायला विसरू नका.

टेप, सी पाना आणि चिकटपट्टी येथे टेबलावर ठेवली आहे. व्याख्यान संपल्यावर अंगणातील मोटारसायकली एकेक करून मोजू. ज्यांना पत्नीसह किंवा आईसह रोजचा प्रवास करावा लागतो, त्यांनी शक्य असल्यास त्यांनाही सोबत बोलवावे, म्हणजे माप खऱ्या ओझ्यासह घेता येईल.