निखळलेला खांदा : ओढाओढ नको, उपचार हवा



आपल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत अधिक वेळा निखळतो तो खांदा. कारण त्याच्या रचनेतच आहे. दंडाच्या हाडाचा माथा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती बशीसारखी उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. पण कबड्डी खेळताना किंवा सायकलवरून पसरल्या हातावर पडले, की हा माथा बहुधा पुढे सरकून बाहेर येतो. खांद्याची गोलाई नाहीशी होते, वेदना असह्य होतात.

अशा वेळी जमलेल्यांपैकी कोणीतरी उत्साहाने हात ओढायला सरसावतो. त्याला थांबवा! हाड मोडलेले असेल तर ते आणखी सरकेल. काखेतील रक्तवाहिनी व मज्जातंतू दुखावतील. मालिशवाल्याकडेही नेऊ नका. कमीत कमी दुखेल अशा स्थितीत हात झोळीत ठेवा, अंगठी-बांगड्या काढा आणि तडक रुग्णालय गाठा. गुंगी द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून वाटेत खाऊपिऊ घालू नका.

डॉक्टर आधी मनगटाची नाडी, बोटांची हालचाल आणि दंडाच्या वरच्या बाहेरील भागाची संवेदना पाहतात. मग क्ष-किरण चित्र काढतात. हिपॉक्रेटिसच्या काळी काखेत टाच रोवून हात ओढीत. १८७० साली स्विस शल्यविशारद कोखर यांनी कोपर वाकवून हात वळवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज अनेक सौम्य रीती आहेत. सर्वांचे मर्म एकच : स्नायू सैल होऊ द्यावेत, झटका देऊ नये.

सांधा बसताच दुखणे एकदम उतरते, आणि येथेच फसगत होते. बरे वाटले म्हणून झोळी फेकून देऊ नका. पुन्हा क्ष-किरण चित्र, डॉक्टर सांगतील तितके आठवडे विश्रांती आणि मग नेमाने व्यायाम, एवढे झाले तरच उपचार पुरा झाला. तरुणांत खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. वारंवार तसे झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. उतारवयात स्नायूबंध फाटण्याची आणि सांधा आखडण्याची भीती अधिक.

मित्रहो, कित्येकांच्या घरची चूल हातांच्या बळावर पेटते. प्रत्येक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत एक तिकोनी फडके असू द्या, आणि ते बांधता येणारी चार मुले-मुली तयार करा. एवढे केले तरी पुष्कळ हात वाचतील.