अर्ज करणारें यंत्र



गेल्या दिवाळींत माझा भाचा आमच्याकडे आला होता. संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्याला वर्ष होत आलें होतें. नोकरीचा शोध चालूच होता. "आजवर किती ठिकाणीं अर्ज केलेस?" असें मीं सहज विचारलें. "चारशेंच्या वर झाले, मामा," तो म्हणाला. "कोणकोणत्या कंपन्यांकडे?" या प्रश्नावर मात्र तो ओशाळला. "तें मला सांगतां यायचें नाहीं. मी झोपलेला असतों, आणि यंत्र अर्ज करीत असतें!"

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. या चारशें अर्जांतून त्याला मुलाखतीचें एक बोलावणें आलें. "अमुक संगणक-भाषेचा पांच वर्षांचा अनुभव आपण लिहिला आहे, तो कोठें मिळाला?" असा तेथें प्रश्न झाला. ती भाषा तो शेवटच्या वर्षीं एका विषयापुरती शिकला होता. अर्जांतला तो रकाना रिकामा सोडतां येत नव्हता; म्हणून यंत्रानें आपल्या अंदाजानें आंकडा भरून टाकला होता. समोरच्या बाईंनीं शांतपणें विचारलें, "हा अर्ज आपण वाचला होता काय?" मुलगा खोटें बोलला नव्हता, परंतु त्याच्या नांवानें खोटें बोललें गेलें होतें, आणि त्याची लाज मात्र त्याला एकट्यालाच वाटली.

तेव्हां असलीं यंत्रें मुळींच वापरूं नयेत काय? असें माझें म्हणणें नाहीं. आजच्या उमेदवाराचे श्रम आपण वडील माणसांनीं समजून घेतले पाहिजेत. प्रत्येक कंपनीचा अर्ज निराळा. आपला बायोडेटा पाठवावा, आणि लगेच तीच माहिती, म्हणजे नांव, पत्ता, महाविद्यालय, गुण, पुन्हां रकान्या-रकान्यांत भरावी. दहा अर्जांत संध्याकाळ सरते. हें निव्वळ नकलनविशीचें काम यंत्राकडे सोंपविण्यांत कमीपणा कसला?

शिवाय पलीकडेहि यंत्रच बसलें आहे. मोठ्या कंपन्यांत आलेल्या अर्जांची नोंद, वर्गवारी आणि पुष्कळदां प्राथमिक चाळणीहि संगणकच करितो. 'लिंक्डइन' या एका संस्थळावरच मिनिटाला सरासरी ११,००० अर्ज येतात, आणि वर्षभरांत त्यांत ४५ टक्क्यांहून अधिक वाढ झाली, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. अर्ज वाढले म्हणून चाळणी कडक होते; चाळणी कडक झाली म्हणून उमेदवार आणखी अर्ज करितो. या चाळणीविरुद्धहि तक्रारी आहेत. शंभराहून अधिक अर्ज नाकारल्या गेलेल्या एका अमेरिकन उमेदवारानें, 'वर्कडे' कंपनीच्या साधनांमुळें वय, वंश व अपंगत्व यांवरून भेदभाव होतो, असा दावा २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत दाखल केला. कंपनीला हा आरोप मान्य नाहीं. मे २०२५ मध्यें न्यायालयानें वयाच्या मुद्द्यावर चाळिशीपुढील इतर अर्जदारांनाहि त्यांत सामील होण्याची वाट प्राथमिक स्वरूपांत मोकळी केली. सारांश, यंत्राला यंत्रानें उत्तर द्यावें असें तरुणांस वाटलें, तर तें समजण्यासारखें आहे. प्रश्न एवढाच कीं, कोणतें यंत्र, आणि किती?

बाजारांत आज हीं साधनें स्थूलमानानें तीन प्रकारचीं मिळतात. पहिलें केवळ रकाने भरून देतें. शेवटचें बटण तुम्हीं दाबावयाचें. दुसरें जाहिरात वाचून तुमच्या बायोडेट्याचा व पत्राचा मसुदा त्या जागेस अनुरूप असा करून देतें. तिसरें स्वतःच जागा हुडकतें, स्वतःच अर्ज भरतें आणि तुम्हांस न विचारतां रवाना करितें. माझ्या भाच्यानें घेतलें होतें तें हें तिसरें.

निवड करतांना कांहीं प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, अर्ज धाडण्यापूर्वीं तें थांबतें काय? जें थांबत नाहीं तें घेऊं नये. दुसरा, ज्या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक नाहीं, त्याचें तें काय करितें? चांगलें साधन रकाना रिकामा ठेवून तुम्हांस विचारतें. वाईट साधन अंदाज बांधतें. तिसरा, कोणता अर्ज, कोणत्या तारखेस, कोणाकडे गेला आणि त्यासोबत कोणता मजकूर होता, याची नोंद तें ठेवतें काय? चौथा, पैसे कशाचे घेतें? अर्जांच्या संख्येवर आकार असेल, तर त्याचें हित संख्या वाढविण्यांत आहे. तुमचें हित नोकरी लागण्यांत आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पांचवा प्रश्न किल्ल्यांचा. तुमच्या खात्याचा परवलीचा शब्द किंवा भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी मागणाऱ्या साधनास दारांतूनच निरोप द्यावा. लिंक्डइनसारख्या संस्थळांच्या करारांत अनधिकृत स्वयंचलित साधनांस मनाई आहे. तीं वापरणाऱ्याचें खातें बंद होऊं शकतें, आणि तें नुकसान साधन विकणारा भरून देत नाहीं. शिवाय बायोडेटा म्हणजे आपल्या आयुष्याची कुंडलीच. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व ते टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणण्याचें ठरलें. दिलेली संमति मागें घेण्याचा व माहिती पुसून टाकावयास सांगण्याचा हक्क त्यांत आहे. परंतु ती कशी पुसावी, हें साधन विकत घेण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

एवढें करूनहि मन साशंक असेल, तर ओळखीच्या पांच जागांसाठीं तें चालवून पाहावें आणि त्यानें भरलेला अर्ज अक्षरशः वाचावा. एकहि विधान असत्य आढळलें, तर पुढें जाऊं नये.

इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची यानें मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठीं तयार केलेलें पत्र नोकरीच्या अर्जाचा नमुना म्हणून नेहमीं सांगितलें जातें. त्यांत बहुतेक मजकूर हलके पूल, तोफा, वेढ्याचीं साधनें यांविषयीं आहे. चित्रकलेचा उल्लेख अगदीं शेवटीं येतो. पत्र कोणासाठीं आहे आणि त्याची गरज काय, हें लिहिणारा जाणत होता. अर्ज म्हणजे माहितीचा ढीग नव्हे. एका माणसानें दुसऱ्यास दिलेला तो शब्द आहे. "वरील मजकूर खरा आहे" या ओळीखालीं नांव आपलें असतें, यंत्राचें नसतें.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें : लेखणी खुशाल यंत्राच्या हातीं द्यावी, सही देऊं नये.

माझ्या भाच्यानें तें तिसऱ्या प्रकारचें साधन सोडून पहिल्या प्रकारचें घेतलें. आतां तो आठवड्यास पांच-सहा अर्ज करितो. परवां त्याचा फोन आला. नोकरी अद्याप लागलेली नाहीं; पण दोन ठिकाणांहून बोलावणें आलें आहे. "आणि मामा," तो म्हणाला, "या वेळीं दोन्ही अर्ज मला तोंडपाठ आहेत!" त्याच्या आवाजांत गेल्या दिवाळींतला ओशाळेपणा नव्हता. घरोघरच्या अशा तरुणांना तोच विश्वास लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.