चर्चच्या आवारांत कोणतीं झाडें लावावीं?

(ज्युबिलीच्या तयारीसाठीं भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत मीं कांहीं आध्यात्मिक विषयावर बोलावें अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी आपणांपुढें मातीचाच विषय मांडणार आहे. चर्चच्या आवाराची शोभा वाढवावी असें आपल्या समितीनें ठरविलें असून त्याकरितां दोन सूचना आल्या आहेत. एक, समोरच्या पटांगणांत विलायती हिरवळ व कडेनें शोभेचीं झाडें लावावीं. दुसरी, सर्व आवारास फरशी घालून तें कायमचें स्वच्छ करावें. सूचना करणारांचा हेतु शुद्ध आहे ह्यांत मला तिळमात्र शंका नाहीं. तरी ह्या दोहोंस माझी संमति कां नाहीं, हें सांगणें माझें कर्तव्य आहे.

प्रथम माझाच अपराध कबूल करतों. मी ह्या धर्मग्रामांत आलों त्या वर्षीं पश्चिमेच्या गडग्याजवळ एक जुनी उंडी उभी होती. तिचीं पानें पन्हळींत अडकतात, फळांवरून मुलें घसरतात, अशा तक्रारी आल्या, आणि मीं फारसा विचार न करतां ती तोडविली. त्याच संध्याकाळीं एक वृद्ध आजी जपमाळेच्या प्रार्थनेस आल्या, बुंध्यापाशीं थांबल्या व म्हणाल्या, "फादर, ता झाड कित्याक तोडलात?" मीं पन्हळीची गोष्ट सांगितली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मागाहून कळलें कीं त्यांच्या लहानपणीं ह्याच झाडाच्या बियांचें तेल काढून वेदीपुढचा दिवा लावीत असत. पुढच्या पावसाळ्यांत समुद्रावरचा वारा, मध्यें कांहीं आडोसा न राहिल्यामुळें, थेट माझ्या निवासाच्या कौलांवर आला, तेव्हां आजींच्या प्रश्नाचा अर्थ मला अधिक स्पष्ट झाला.

उंडी हें खाऱ्या वाऱ्याला व रेताड जमिनीला न भिणारें झाड. तिचें लाकूड होड्यांच्या कामीं येई, तेल दिव्याला व दुखऱ्या सांध्यांना. आपल्या वडिलांनीं ती गडग्यापाशीं लाविली किंवा राखिली, त्यांत त्यांचें शहाणपण होतें. तें माझ्या लक्षांत आलें नाहीं.

आतां हिरवळीविषयीं. आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जांभ्या दगडाची व रेतीची जमीन तें पाणी धरून ठेवीत नाहीं. मे महिन्यांत आपल्या विहिरीचा तळ दिसूं लागतो, आणि शेजारच्या वाडींतील बाया आपल्याकडे कळशा घेऊन येतात. त्या कळशी भरीत असतांना पलीकडे आपण गवतावर नळी सोडून बसावें, हें मला तरी पाहवणार नाहीं. फरशीविषयीं अधिक बोलत नाहीं. एप्रिलच्या दुपारीं अनवाणी चालून पाहावें.

कोणी म्हणेल, फादरांना परकीय झाडांचा राग आहे. तसें मुळींच नाहीं. काजू हा ब्राझील देशाचा. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तो आणिला. मिरची, अननस, पेरू हेही समुद्रापलीकडचेच. हापूस आंबा येथचा असला तरी त्याचें नांव 'आफोन्सो' ह्या पोर्तुगीज नांवावरून पडलें आहे. हे पाहुणे वगळले तर आपल्या सणाचें ताट अर्धें रिकामें होईल, आणि आपल्यापैकीं कित्येकांची शाळेची फी काजूगरांनींच भरली आहे. पाहुणा घरच्यासारखा राबला म्हणजे तो घरचाच झाला. पण काजू व हापूस लावा असें कोणाला सांगावें लागत नाहीं. बाजारभाव तें काम करतो. मग उंडी कोण लावील? सुरंगी कोण लावील?

सुरंगीचें उदाहरण घ्या. वेंगुर्ले तालुक्यांत, विशेषतः आसोली गांवांत, फाल्गुनाच्या सुमारास तिच्या फांद्या कळ्यांनीं भरतात. पहाटे कळ्या काढावयाच्या, गजरे वळावयाचे, राहिलेल्या वाळवून अत्तरासाठीं विकावयाच्या. ह्या कामावर कित्येक घरांचे दोन पैसे होतात. परंतु झाड फार सावकाश वाढतें. आज ज्याच्या हातानें तें लागेल त्याच्या नातवाला गजरा मिळेल. रातांब्याचेंही तसेंच: बीं पेरून वाढविलेल्या झाडांपैकीं जवळजवळ निम्मीं नर निघतात, आणि हें कळावयास सात-आठ वर्षें जातात. ज्याला कर्ज फेडावयाचें आहे त्यानें असा धीर धरावा असें मी कोणत्या तोंडानें सांगूं? परंतु चर्चच्या जमिनीवर कर्ज नाहीं, ती विकावयाची नाहीं, आणि तिला घाईही नाहीं. म्हणून ज्या झाडांना खाजगी कुंपणांत जागा उरली नाहीं त्यांना येथें जागा असावी, एवढेंच माझें म्हणणें आहे.

येथें एक गोष्ट मनाला लागते ती सांगून टाकतों. आपले हिंदु शेजारी गणपतीची माटवी बांधतात. त्यासाठीं कवंडळ, शेरवड, तेरडा रानांतून शोधून आणावा लागतो, म्हणून त्यांच्या मुलांना तीं नांवें येतात. आमच्या वेदीवर प्लास्टिकचीं फुलें आलीं आणि आमचीं मुलें तीं नांवें विसरलीं. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं सृष्टीच्या संगोपनाविषयीं 'लाउदातो सी' हें परिपत्रक काढिलें. त्यावर आपण येथें व्याख्यानही ठेविलें होतें. व्याख्यान संपल्यावर आवारांतील पाण्याच्या बाटल्या गोळा करावयास मला अर्धा तास लागला.

शेवटची अडचण, गडी मिळत नाहीं. खरी गोष्ट अशी कीं गडी मिळत नाहीं तितकेंच घरचे हातही मिळत नाहींत. "शिकलेल्या पोरानें कुदळ धरायची काय?" हें मीं सुशिक्षित कुटुंबांत ऐकिलें आहे. श्रम म्हणजे आदामाच्या पापाची शिक्षा, असा पुष्कळांचा समज असतो. उत्पत्तीचें पुस्तक नीट वाचावें: बागेची मशागत व राखण करण्याचें काम देवानें मनुष्याला पापापूर्वींच दिलें, पापानंतर आले ते कांटे व घाम. १९५५ सालीं पोप बाराव्या पायसनीं १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरविला, तो कांहीं सुतारांपुरता नव्हे. गुरुविद्यालयांत असतांना आम्हांला रोज बागेंत काम करावें लागे, आणि तो वेळ पुस्तकांतून चोरीला गेला असें मला वाटे. आज त्या पुस्तकांतील निम्मी विद्या मीं गमाविली आहे. आळें कसें करावें तें मात्र हात विसरले नाहींत.

म्हणून माझी योजना अशी. मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर जो पहिला रविवार येईल, त्या दिवशीं मिस्सा झाल्यावर लागवड करूं. पश्चिमेस तीन उंड्या. पहिली जुन्या बुंध्याशेजारीं, ती मी स्वतः लावीन. दरवाज्यापाशीं दोन सुरंग्या, दफनभूमीच्या वाटेवर बकुळी, म्हणजे आपल्या ओवळी, आणि विहिरीच्या बाजूस रातांबे. रातांब्यांचीं कलमें घ्यावीं, म्हणजे नर-मादीचा घोळ राहणार नाहीं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत मी विचारपूस करतों. प्रत्येक वाडीनें आपलीं झाडें वांटून घ्यावीं व तीन उन्हाळे जगवावीं. रोज पाणी घालण्याची गरज नाहीं: बुडाला बारीक भोंक पाडून त्यांत चिंधीची वात बसविलेलें मडकें मुळाशेजारीं पुरावें व आठवड्यांतून दोनदां भरावें. मुंबईस असणाऱ्या मंडळींनीं पैसे पाठविण्यापेक्षां मे महिन्याच्या सुटींत येऊन मडकीं भरावीं. त्याचा मला अधिक आनंद होईल.

समितीनें हिरवळीसाठीं बाजूस ठेविलेल्या रकमेंतून विहिरीचा गाळ काढावा, अशी माझी विनंति आहे. ह्यावर आपण आतां मोकळेपणानें बोलावें. खड्डे मात्र पावसापूर्वीं झाले पाहिजेत. कुदळी घरून आणाव्या. चर्चपाशीं दोनच आहेत, आणि त्यांतील एकीचा दांडा सैल आहे.