भीड भिकेची बहीण



भोसरीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन कामगार. कंपनीची ऑर्डर थेट आमच्यापर्यंत सहसा येत नाही. कंपनी मोठ्या व्हेंडरला काम देते, तो दुसऱ्याला आणि दुसरा आम्हाला. काम वरून खाली भराभर येतं. पैसे मात्र झिरपत येतात आणि कधी कधी वाटेतच जिरतात.

२००९ सालची गोष्ट. एका परिचितांचा फोन आला, "तीनशे शाफ्ट हवेत, अर्जंट आहेत." नगाला दीडशे रुपये असा दर तोंडी ठरला. ओळखीच्या माणसाकडे लेखी काय मागायचं? चार रात्री जागून माल दिला. टेम्पो भरण्याच्या गडबडीत चलनावर सही घ्यायची राहून गेली. बिल झालं पंचेचाळीस हजार.

महिन्याने विचारलं, तर "पार्टीचं पेमेंट आलं की लगेच देतो." पुढे "साहेब टूरवर आहेत." मग "थोडा माल रिजेक्ट झालाय, बघावं लागेल." दिवाळी आली. माझ्याकडचा सहा वर्षांचा जुना कारागीर बोनसची वाट पाहत होता. मी त्याला म्हणालो, "पार्टीचं पेमेंट आलं की देतो." तो काही बोलला नाही. नव्या वर्षात दुसरीकडे कामाला लागला.

तरीही तगादा लावायची मला लाज वाटे. संबंध बिघडतील, पुढचं काम जाईल अशी भीती होती. चौथ्या वर्षी वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "सहीचं चलन आहे? रक्कम मान्य केल्याची एखादी चिठ्ठी?" माझ्याकडे काहीच नव्हतं. ते म्हणाले, "तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करावा लागतो. शिवाय अशा कामाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी त्यांनी सहीनिशी येणं कबूल केलं असतं, तर तिथून नवी तीन वर्षं मिळाली असती." माझे पैसे बुडाले ते माझ्या भिडेने. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण.

त्यानंतर मी काही सवयी लावून घेतल्या. फोनवर काम ठरलं की लगेच नग, दर आणि पैसे देण्याची तारीख मेसेजने कळवतो आणि "ठीक आहे" एवढं उत्तर आल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. चलनाच्या प्रतीवर नाव, तारीख, सही घेतो. पार्टी नवी असेल तर काही रक्कम आगाऊ. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी फोन, आठवड्याने पत्र. आवाज चढवायचा नाही, पण विसरायचंही नाही. जुनं येणं थकलं असेल तर नवं काम घेत नाही.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर पंधरा दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरली असली तरी ती पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. मालाबद्दल पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो. म्हणजे महिन्यांनंतर निघालेली 'रिजेक्शन'ची सबब चालत नाही. तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद आहे. मात्र उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत होते.

शेवटी एक कबुली. त्या तीनशे शाफ्टचं ग्राइंडिंग शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने केलं होतं. त्याचे नऊ हजार मीही दीड वर्ष अडकवले होते, तेच "पार्टीचं पेमेंट" पुढे करून. माझी पार्टी त्याने पाहिलीसुद्धा नव्हती. त्याने काम माझं केलं होतं. आता महिन्याच्या सात तारखेला आधी त्याचे पैसे देतो, आणि मग माझे मागायला फोन उचलतो. तेव्हा माझा आवाज अडखळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)